न्यास, निक्षेप आणि तिजोरी : सोन्या-चांदीच्या सांभाळाचा एक इतिहास

'न्यास' हा शब्द आज आपण 'ट्रस्ट' या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून सर्रास वापरतो. परंतु संस्थेच्या नोंदणीचा कायदा अस्तित्वात येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून तो जैन आणि वैदिक या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत वावरत आला आहे. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेली वस्तू, म्हणजेच ठेव, हा त्याचा मूळ अर्थ होय. ही ठेव बहुधा सोन्या-चांदीची असे. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सुवर्णाच्याच सांभाळाचा इतिहास मांडावा, हा योग म्हणूनच मला केवळ शाब्दिक वाटत नाही. भूमीत पुरलेल्या हंड्यापासून बँकेच्या लॉकरपर्यंतचा हा प्रवास पाहिला, की पन्नास वर्षांत श्रावक-श्राविकांनी देवापुढे वाहिलेल्या मुकुट, कुंडले, छत्र, आंगी यांच्याविषयी विश्वस्तांनी आणि श्रीसंघाने काय करावयास हवे, याचा उलगडाही त्यातूनच होतो.

प्रारंभ आगमापासून करू. श्वेतांबर आगमांतील सातव्या अंगात, उपासकदशांगात, वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची कथा आहे. त्याची संपत्ती मोठ्या नेमकेपणाने मोजून सांगितली आहे. चार कोटी हिरण्य निधानात, म्हणजे पुरून वा कोठारात ठेवलेले. चार कोटी व्याजावर वृद्धीसाठी लावलेले. आणि चार कोटी घर-संसाराच्या विस्तारात गुंतविलेले. भगवान महावीरांपुढे बारा व्रते घेताना आनंदाने आपल्या इच्छेला याच आकड्यांची मर्यादा घातली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की परिग्रहाचे परिमाण ठरवावयाचे तर प्रथम तो मोजावा लागतो. किती आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो मर्यादा तरी कशाची घालणार? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताच्या अतिचारांची यादी आहे, तीतही 'हिरण्य-सुवर्ण' ही जोडी आलेली आहे. टीकाकारांनी हिरण्याचा अर्थ रूपे व त्यायोगे चालणारा व्यवहार असा लावला आहे. सोने आणि चांदी यांची वेगवेगळी मोजणी, ही पद्धत इतकी जुनी आहे.

त्याच अध्यायात त्याहूनही सूक्ष्म असा एक विचार सापडतो आणि प्रस्तुत विषयाचे मर्म मला त्यातच दिसते. दुसऱ्याची ठेव बळकावणे याला तेथे 'न्यासापहार' म्हटले आहे. सामान्यतः कोणीही हा दोष चोरीत गणील. सूत्रकारांनी मात्र तो अचौर्य व्रताच्या अतिचारांत घातलेला नाही. सत्याणुव्रताच्या अतिचारांत घातला आहे. असे का, याचा खुलासा आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत मिळतो. ठेव ठेवणारा मनुष्य आपण किती ठेवले हे विसरला आणि त्याने कमी संख्या सांगून तेवढेच मागितले. सांभाळणाऱ्याने 'होय, तेवढेच' म्हणून तेवढेच दिले. झाला न्यासापहार! कुलूप तोडले नाही, भिंतीला खिंडार पाडले नाही, कोणाच्या हाताला बळजबरी केली नाही. फक्त एका चुकीच्या आकड्याला होकार दिला. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची जी पाच मोठी असत्ये सांगितली, त्यांतही कन्या, गाय व भूमी यांविषयीचे असत्य आणि खोटी साक्ष यांच्या पंक्तीला न्यासापहार बसविलेला आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांचे यावर एकमत असावे, हे मोठे अर्थपूर्ण आहे. ठेव ज्या दिवशी मोजली गेली नाही, त्या दिवसापासूनच ती असत्याच्या छायेत येते.

स्मृतिग्रंथांनी हाच प्रश्न व्यवहाराच्या, म्हणजे कायद्याच्या अंगाने सोडविला. पेटीत वा भांड्यात बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू याज्ञवल्क्य स्मृतीत 'औपनिधिक' मानली आहे आणि ती जशी दिली तशीच परत करावी, असे तेथे सांगितले आहे. मोजून, दाखवून दिलेली ठेव ती निराळी. तिला टीकाकारांनी निक्षेप म्हटले. राजाने नेली, दैवी आपत्तीत नष्ट झाली वा चोरांनी लुटली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाईचा भार नाही, हाही नियम तेथेच येतो. याच स्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत लिहिली. बंद पेटी आणि मोजलेली ठेव यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा; पुढे बँकेच्या लॉकरपाशी तो पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

महाराष्ट्रात देवधर्मासाठी ठेवलेल्या ठेवीचा अतिशय जुना दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, तर एक हजार दुसरीकडे पाऊण दराने. रक्कम एकाच हाती न देता दोन ठिकाणी विभागली, हे शहाणपण आजच्या विश्वस्तांनाही परिचयाचे वाटेल. परंतु लेखाचा शेवट याहून महत्त्वाचा आहे. ही सर्व व्यवस्था निगमसभेत वाचून दाखविली आणि फलकावर नोंदविली, असे त्यात म्हटले आहे. ठेव कोठे आहे, किती आहे आणि कोणाकडे आहे, हे नगराच्या सभेला ठाऊक होते.

आपल्या कोल्हापूर परिसरातील शिलाहारकालीन जैन शिलालेखांत सोन्याच्या राशींचे वर्णन शोधू गेल्यास निराशाच पदरी येते. शके १०६५ च्या कोल्हापूर लेखात राजा विजयादित्याने पार्श्वनाथ जिनालयास भूमी आणि घर दिल्याची नोंद आहे. त्याआधीच्या शके १०५८ च्या लेखात व्यापाऱ्यांनी बाजारातील मालावर जिनालयासाठी कर बांधून दिला आहे. शेत, घर आणि बाजारपेठेतील उलाढाल हेच देवस्थानाचे भांडार होते. ते चोराला उचलून नेता येत नव्हते आणि दरवर्षी पीक देत होते.

संपत्ती लपवावी की दाखवावी, या प्रश्नाचे उत्तर गुजरातच्या प्रबंधग्रंथांनी एका कथेच्या रूपाने दिले आहे. वाघेला राजवटीतील महामात्य वस्तुपाल आणि त्याचे बंधू तेजपाल हे तीर्थयात्रेस निघाले असता वाटेत चोरभय असल्याचे कळले. तेव्हा काही द्रव्य पुरून ठेवावे म्हणून हडाळा गावाजवळ त्यांनी झाडाखाली खणावयास सुरुवात केली, तर तेथे दुसऱ्याच कोणाचा तरी पुरलेला सुवर्णकलश निघाला. पुरावयास गेले आणि अधिकच घेऊन बसले! आता याचे करावे काय, असा प्रश्न त्यांनी तेजपालाची पत्नी अनुपमादेवी हिला केला. तिने सांगितले, की द्रव्य अशा उंच जागी ठेवावे, जेथे ते सर्वांना दिसेल आणि कोणालाही नेता येणार नाही. शत्रुंजय, गिरनार आणि अबू येथील जिनालये या सल्ल्याचे फळ होय, असे परंपरा मानते. अबूवरील लूणवसहीची प्रतिष्ठा इ.स. १२३०-३१ च्या सुमाराची. कथा म्हणून ती बाजूला ठेवली, तरी एक प्रश्न उरतोच. त्या झाडाखाली कलश पुरणारा तो पहिला मनुष्य कोण होता? त्याने कोणाला सांगितले नाही, कोठे लिहून ठेवले नाही आणि त्याचे निधान त्याच्या वंशजांना लाभले नाही. अनुपमादेवीचे नाव आपण आदराने घेतो; या अनामिकाचे दुर्दैव मात्र कोणी आठवत नाही.

पुढील काळात सराफांच्या आणि सावकारांच्या पेढ्या हीच समाजाची तिजोरी झाली. पण तिजोरी जेवढी मोठी, तेवढी तिची ख्यातीही मोठी, आणि ख्याती हेच तिचे वैरी. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा तेथील धनाढ्य जैन व्यापारी वीरजी व्होरा याच्या वाड्यातून सोने, मोती आणि रत्ने यांनी भरलेली पिंपे नेली गेल्याचे युरोपीय साक्षीदाराने लिहून ठेवले आहे. मराठी जैन वाचकाच्या मनात या प्रसंगी दोन निष्ठा एकाच वेळी जाग्या होतात, त्याला इलाज नाही. तरीही वीरजीचा व्यापार त्या आघाताने संपला नाही. इ.स. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांबरोबर मीर हबीब मुर्शिदाबादेत शिरला आणि त्याने जगतशेठांची कोठी लुटली. इतिहासकार गुलाम हुसेन दोन कोटी रुपये गेल्याचे सांगतो, आणि एवढे होऊनही त्या घराण्याच्या हुंड्या पूर्ववत चालत राहिल्या असेही नमूद करतो. जगतशेठ मूळचे मारवाडातील नागौरचे जैन. कोठीतील रोकड गेली. परंतु वह्या, आडती आणि शब्दाची पत हे भांडार घोड्यावर लादून नेता येणारे नव्हते.

लोखंडी तिजोरीचे युग आपल्याकडे विसाव्या शतकात सुरू झाले. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनविण्यास आरंभ केला आणि १९०२ मध्ये तिजोऱ्या. सोराबजी पोचखानवाला यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल बँकेने १९२६ मध्ये सुरक्षा ठेव-कक्षाची, म्हणजे लॉकरची, सोय सुरू केली. माजघरातील जमिनीत पुरलेले डबोले हळूहळू बँकेच्या तळघरात आले ते असे. पोलादाच्याही मर्यादा याच शहराने पाहिल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाईन' या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा त्यावर सोन्याच्या १२४ विटा होत्या, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा किलोची. एक वीट सुमारे मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली. इतर विटा गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या.

स्वातंत्र्योत्तर काळातील एक गोष्ट तरुण वाचकांना ठाऊक नसण्याचा संभव आहे. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, सोन्याची लगड वा वीट खाजगीरीत्या बाळगता येईनाशी झाली आणि असंख्य सोनार कुटुंबांचा व्यवसाय बुडाला. चौदा कॅरटचे बंधन लवकरच सैल झाले, पण नियंत्रण १९६८ च्या कायद्याने कायम राहिले आणि १९९० मध्येच तो कायदा रद्द झाला. जुन्या न्यासांच्या दप्तरांत सोने बहुधा दागिन्यांच्या रूपात दिसते आणि लगड क्वचितच आढळते, त्याला भक्तीइतकाच हा कायदाही कारण आहे.

नियंत्रण उठले आणि वर्षभरातच देशाच्या भांडारावर प्रसंग ओढवला. परकीय चलन संपत आल्यामुळे मे १९९१ मध्ये २० टन सोने स्वित्झर्लंडला गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील भांडारातून सुमारे ४७ टन सोने विमानाने इंग्लंडला नेऊन गहाण ठेवण्यात आले. कर्ज त्याच वर्षी फिटले, तरी सोने मात्र दीर्घकाळ तेथेच राहिले. २०२३-२४ या वर्षात रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधील आपल्या साठ्यातून १०० टन सोने मायदेशी आणले. मार्च २०२४ अखेर एकूण ८२२ टनांपैकी ४०८ टन देशातच होते. मुंबई आणि आपले नागपूर ही त्याची ठिकाणे. किती टन कोठे आहे, हे रिझर्व्ह बँक वर्षातून दोनदा छापून जाहीर करते. उषवदाताच्या निगमसभेची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

गुंतवणूक म्हणून सोने-चांदी व्यावसायिक तिजोरीत ठेवण्याची पद्धत आता सामान्य माणसापर्यंत पोहोचली आहे. सोन्यावर आधारित म्युच्युअल फंडाची युनिटे आपल्याकडे २००७ पासून, तर चांदीची २०२२ पासून मिळू लागली. त्यांमागील धातू अभिरक्षकाच्या भांडारात असतो. अशा सांभाळाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यात विशिष्ट क्रमांकाची वीट तुमच्या नावाने वेगळी ठेवलेली असते. ती तुमचीच, आणि तीच परत मिळावयाची. दुसऱ्यात सामायिक साठ्यातील अमुक इतक्या वजनावर तुमचा हक्क असतो. सांभाळणारी संस्था बुडाली, तर पहिला मनुष्य आपली वस्तू मागू शकतो. दुसऱ्याला, करार कसा आहे त्यानुसार, इतर धनकोंच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येऊ शकते. एक ठेव, तर दुसरे बहुतांशी ऋण. चांदीची अडचण निराळी. ती सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि वजनाला सुमारे निम्मी भरीव असल्याने तेवढ्याच किमतीला फार मोठी जागा व्यापते. शिवाय हवेतील गंधकाने काळवंडते. म्हणून चांदीच्या सांभाळाचे भाडे नेहमीच जड पडते.

हा भेद न्यासांच्या दारी प्रत्यक्ष आला तो केंद्र सरकारच्या १९९९ च्या सुवर्ण ठेव योजनेत आणि नंतर नोव्हेंबर २०१५ च्या सुवर्ण मुद्रीकरण योजनेत. दिलेले सोने वितळवून शुद्ध करावयाचे, त्यावर व्याज द्यावयाचे आणि मुदतीअखेर तेवढ्या वजनाचे सोने किंवा रक्कम परत करावयाची, असे तिचे स्वरूप होते. २०१५ च्या योजनेत मध्यम मुदतीस सव्वादोन आणि दीर्घ मुदतीस अडीच टक्के व्याज होते. या दोन्ही मुदतींच्या ठेवी स्वीकारणे सरकारने २६ मार्च २०२५ पासून बंद केले. हिशेबाच्या दृष्टीने योजना वाईट नव्हती. परंतु एखाद्या मातेने मूलनायकाच्या चरणी वाहिलेल्या कुंडलांचे काय? ती वितळली, तर वजन परत येईल, कुंडले येणार नाहीत. देवद्रव्य केवळ देवकार्यासच लागावे, हा श्वेतांबर संघांचा दंडक आणि निर्माल्य भोगू नये, हा दिगंबर परंपरेचा आग्रह, या दोहोंचा रोख एकच आहे: देणाऱ्याने ज्या भावाने दिले, त्याला धक्का लागू नये. माझ्या मते वापरात नसलेली लगड, नाणी आणि तुटके तुकडे यांचा विचार एका पद्धतीने व्हावा आणि प्रतिमेच्या अंगावर चढलेल्या अलंकारांचा दुसऱ्या. दोन्ही एकाच तराजूत घालणारा ठराव सोयीचा असेल, योग्य नाही.

आता लॉकरकडे येऊ, कारण बहुतेक न्यासांचे सोने आज तेथेच आहे. लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक बँकेची आणि एक आपली. आत काय आहे, हे बँकेला ठाऊक नसते. याज्ञवल्क्याच्या भाषेत ही औपनिधिक ठेव होय. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात निकाल दिला, त्यात एका बँकेने भाडे थकल्याच्या समजुतीने १९९४ मध्ये लॉकर फोडला होता. भाडे प्रत्यक्षात भरलेले होते. लॉकरधारकाचे म्हणणे असे, की आत सात दागिने होते आणि परत मिळाले दोनच. आत नेमके किती होते, हा वाद न्यायालयाने दिवाणी न्यायालयाकडे सोपविला; परंतु बँकेला आपली जबाबदारी झटकता येणार नाही असे बजावून पाच लाख रुपयांची भरपाई देवविली आणि रिझर्व्ह बँकेस सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. ते नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याचा अपहार यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभरपट ठरले. भाडे दोन हजार असेल, तर दोन लाख. मग आत कितीही असो. भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, दायित्व नाही. स्मृतीतील 'दैव' शब्द येथे नव्या वेषात उभा आहे! आणखी एक कलम न्यासांनी विशेष लक्षात घ्यावे. भाडे नियमित भरले जात असले, तरी सात वर्षे लॉकर उघडलाच गेला नाही आणि लॉकरधारकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर बँकेला तो उघडण्याचा अधिकार आहे. ज्यांच्या नावे लॉकर घेतला ते विश्वस्त दिवंगत झाले, पत्ता बदलला आणि बँकेला कोणी कळविले नाही, असे घडणे मुळीच अशक्य नाही.

या साऱ्याचा अर्थ असा, की लॉकरमध्ये काय होते हे सिद्ध करणारा कागद जगात एकच असू शकतो आणि तो आपल्याच दप्तरात असावयास हवा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने जंगम मालमत्तेची नोंद धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत करण्याचे बंधन घातलेच आहे. परंतु अनेक ठिकाणी त्या वहीत 'सोन्या-चांदीचे दागिने' एवढाच मोघम उल्लेख आणि त्यापुढे स्थापनेच्या वेळची किंमत आढळते. पन्नास वर्षांत आलेल्या वस्तू पावतीपुस्तकांत विखुरलेल्या राहतात. कोणी काही घेतलेले नसते. फक्त कोणाला आकडा सांगता येत नाही. पूज्यपादांनी वर्णिलेला विसरलेला ठेवीदार तो हाच, आणि आपण सारे मिळून तो आहोत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात सर्व अलंकारांची मोजदाद श्रीसंघाच्या चार वडीलधाऱ्यांसमक्ष, शासनमान्य मूल्यांककाकडून करून घ्यावी आणि तिची एक प्रत लॉकरबाहेर राहील अशी व्यवस्था करावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. मोजताना काही बाबी संभाळाव्या लागतील. जुन्या दागिन्यांत लाख भरलेली असते आणि खडे जडविलेले असतात. म्हणून ढोबळ वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन ही दोन्ही लिहावीत, अन्यथा पुढच्या मोजदादीत निष्कारण तूट दिसेल आणि संशय एखाद्या निरपराध पुजाऱ्यावर जाईल. हॉलमार्कची पद्धत आपल्याकडे २००० सालापासूनची आहे, तेव्हा त्याआधीच्या वस्तूंचा कस यंत्रावर तपासून लिहावा. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र असावे, आणि ज्ञात असेल तेथे देणाऱ्याचे नाव व तिथी. मिरवणुकीचा रथ, पालखी, सिंहासन आणि दरवाजे यांवर लाकडावर चांदीचा पत्रा मढविलेला असतो. ते काट्यावर घालून चांदीचे वजन कळत नाही आणि पत्रा उचकटून पाहणे कोणी करणार नाही. त्यांची चांदी किती, हे ज्या कारागिराने घडविले त्याच्या मूळ पावतीवरच असते. ज्या घरांतून त्या कामांसाठी चांदी दिली गेली होती, त्या घरांनी जुन्या चोपड्या एकदा चाळून पाहाव्यात.